विनोदाच्या व्यासपीठावरील पहिले पाऊल

मैफिलीत पहिल्यांदाच गावयास बसलेल्या गवयाच्या मागे तंबोरा असतो आणि शेजारी तबलजी असतो. पहिल्यांदाच रंगभूमीवर आलेल्या नटाला नाटककाराची वाक्ये, सहनटांची सोबत आणि चेहऱ्यावरच्या रंगाचा आडोसा असतो. लोकांस हसविण्याकरिता जो एकटाच त्यांच्यासमोर उभा राहतो, त्याला यांपैकी कशाचाच आधार नसतो. गवयाचा सूर लागला नाही तर श्रोते सभ्यपणे गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातही गवयाला थोडा दिलासा शोधता येतो. विनोद करणाऱ्याच्या वाट्याला आलेली शांतता मात्र अगदी निःसंदिग्ध असते. हशा पिकला नाही, याचा दुसरा कोणताही अर्थ लावता येत नाही. म्हणूनच एकट्याने उभे राहून हसविण्याच्या या कलेत, जिला आज सर्वत्र 'स्टँड-अप' या नावाने ओळखतात, पहिल्या प्रयोगाचे भय फार मोठे असते.

या कलेचा आद्य पुरुष कोण, याचे एकच उत्तर देता येणार नाही. विदूषक, सोंगाड्या, बहुरूपी ही मंडळी सर्व देशांत आणि सर्व काळांत होऊन गेली. परंतु सोंग न घेता, स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्याच साध्या पोशाखात व्यासपीठावर उभे राहून, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांस हसविण्याची जी रीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाली, तिच्या इतिहासात एक संध्याकाळ विशेष महत्त्वाची आहे. ती म्हणजे २ ऑक्टोबर १८६६ ची संध्याकाळ. स्थळ सॅन फ्रान्सिस्को शहरातील पाइन स्ट्रीटवरचे मॅग्वायर यांचे नाट्यगृह. वक्ता तीस वर्षांचा एक पत्रकार. त्याचे खरे नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. वाचक त्याला मार्क ट्वेन या नावाने ओळखू लागले होते.

३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसुरी राज्यात जन्मलेल्या या माणसाने तोवर अनेक उद्योग करून पाहिले होते. लहानपणी तो छापखान्यात खिळे जुळवीत असे. पुढे मिसिसिपी नदीवर आगबोटींचा वाटाड्या होऊन १८५९ मध्ये त्याने त्या धंद्याचा रीतसर परवाना मिळविला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, नदीवरील वाहतूक थांबली आणि हा मानाचा व मिळकतीचा धंदा बुडाला. तेव्हा तो वडील भाऊ ओरायन याच्याबरोबर नेव्हाडाच्या ओसाड प्रदेशात गेला. चांदीच्या खाणीत नशीब काढण्याचा त्याने प्रयत्न केला, पण चांदी काही हाती लागली नाही. अखेर व्हर्जिनिया सिटी या खाणकामगारांच्या गावी एका वृत्तपत्रात तो बातमीदार झाला आणि १८६३ च्या आरंभी 'मार्क ट्वेन' ही सही वापरू लागला. नदीचे पाणी दोन वाव खोल आहे, बोटीला धोका नाही, अशा अर्थाची ही नावाड्यांची आरोळी होती. विनोदाच्या उथळ पाण्यात पुढे ज्याला जन्मभर नाव हाकावयाची होती, त्याला हे नाव शोभून दिसले.

परंतु आपल्याला विनोद साधतो, ही गोष्ट त्याला त्या काळी फारशी भूषणावह वाटत नव्हती. ऑक्टोबर १८६५ मध्ये ओरायनला लिहिलेले त्याचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो, की आपल्याला वाङ्मयाची हाक ऐकू आली आहे खरी, पण ती हलक्या प्रतीच्या वाङ्मयाची, म्हणजे विनोदाची आहे. त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. तरी जे अंगी आहे तेच जोपासावे, हे बरे. त्याच पत्रात कर्जाचाही उल्लेख आहे, आणि ते तीन महिन्यांत फिटले नाही तर जीव देण्याची भाषाही आहे. विनोदी लेखकाच्या पत्रातील ही वाक्ये थट्टेची की खरी, हे ठरविणे कठीण. पण त्या दिवसांत तो फार खचलेला होता, हे त्याच्या पुढील आठवणींवरूनही दिसते. स्वतःच्या देणगीविषयीची ही लाज आणि डोक्यावरचे हे ऋण, या दोन गोष्टी त्याच्या चरित्रात शेवटपर्यंत एकमेकींच्या सोबतीने चाललेल्या दिसतात.

अशा माणसाने एकदम व्यासपीठाकडे कसे वळावे, हे समजण्यासाठी तेव्हाच्या अमेरिकेतील एका संस्थेची ओळख करून घ्यावयास हवी. १८२६ मध्ये जोसाया होलब्रुक या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिलबरी या गावी प्रौढांच्या ज्ञानवृद्धीसाठी 'लायसीअम' नावाचे मंडळ स्थापन केले. गावातील लोकांनी एकत्र यावे, विज्ञान, इतिहास, प्रवास, नीती अशा विषयांवरील व्याख्याने ऐकावीत, असा त्याचा हेतू होता. ही कल्पना गावोगाव पसरली. पुढे मोठमोठे वक्ते बिदागी घेऊन हिंडू लागले; एमर्सनसारख्या तत्त्वचिंतकाची उपजीविकाही बऱ्याच अंशी अशा व्याख्यानांवर चालत असे. नाटक पाहणे हे ज्या धार्मिक वृत्तीच्या कुटुंबांत पाप समजले जाई, त्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषही व्याख्यानाला निःशंकपणे जात.

आपल्याकडील हरिकीर्तनाशी या संस्थेचे थोडे साम्य दिसते. कीर्तनकार पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. त्या आख्यानात तो श्रोत्यांस पोट धरून हसावयास लावतो. परंतु तो नारदाच्या गादीवर उभा असल्यामुळे त्या हसण्याला कोणी हीन लेखीत नाही. अमेरिकेत हेच काम ज्ञानाच्या आवरणाने केले. तेथे विनोद प्रथम सभ्य समाजात शिरला तो 'व्याख्यान' असे नाव धारण करून.

या आवरणाचा चतुराईने उपयोग करणारा पहिला नामांकित पुरुष म्हणजे चार्ल्स फरार ब्राउन. 'आर्टेमस वॉर्ड' या टोपणनावाने तो वृत्तपत्रांतून लिहीत असे. १८६१ पासून तो व्याख्याने देऊ लागला. त्याच्या एका प्रसिद्ध व्याख्यानाला रानात चुकलेल्या बालकांच्या जुन्या गोष्टीचे नाव दिलेले होते. श्रोते बालकांची वाट पाहत राहत आणि व्याख्यान संपले तरी बालके काही येत नसत. किडकिडीत बांध्याचा हा माणूस अत्यंत गंभीर, किंबहुना चिंताग्रस्त मुद्रेने बोले, आणि लोक हसले म्हणजे त्यांच्याकडे आश्चर्याने पाही. डिसेंबर १८६३ मध्ये तो व्हर्जिनिया सिटीस आला, तेव्हा मार्क ट्वेनची आणि त्याची दाट मैत्री जमली. पूर्वेकडील नियतकालिकांत लिही, असा आग्रह त्याने ट्वेनला केला. त्याच्याच संग्रहासाठी म्हणून लिहिलेली उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट उशिरा पोहोचली आणि १८ नोव्हेंबर १८६५ रोजी न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात छापली गेली. त्या गोष्टीने ट्वेनचे नाव देशभर झाले. परंतु नाव झाल्याने कर्ज फिटत नाही.

मार्च १८६६ मध्ये सॅक्रामेंटो येथील 'युनियन' या वृत्तपत्राने त्याला सँडविच बेटांवर, म्हणजे आजच्या हवाई बेटांवर, वार्ताहर म्हणून पाठविले. तेथे चार महिने राहून त्याने २५ पत्रे लिहिली. ज्वालामुखी, उसाचे मळे, मिशनऱ्यांची कामगिरी, बेटावरील राजवंश असे अनेक विषय त्यांत आले. याच मुक्कामात 'हॉर्नेट' नावाचे जहाज भर समुद्रात जळाल्यानंतर ४३ दिवस उघड्या नावेत काढून किनाऱ्यास लागलेल्या खलाशांची कहाणी त्याने, स्वतः आजारी असताना, सर्वांआधी मिळवून धाडली. १३ ऑगस्ट १८६६ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोस परतला, तेव्हा हाती काम नव्हते आणि खिशात पैसाही नव्हता. बेटांविषयीची माहिती मात्र भरपूर होती. तिचे व्याख्यान करावे, असे त्याच्या मनात आले.

पुढील हकीकत त्याने १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'रफिंग इट' या पुस्तकात स्वतःच सांगितली आहे. ट्वेनच्या लेखणीला तिखटमीठ लावण्याची सवय होती, हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. तरीही नवख्या विनोदकाराच्या मनाचे असे चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल. व्याख्यान लिहून त्याने मित्रांस दाखविले, तेव्हा सर्वांनी माना हलविल्या. कोणी ऐकावयास येणार नाही, आणि आलेच तर बोलताना तुझी त्रेधा उडेल, असे त्यांचे मत पडले. एका संपादक मित्राने मात्र त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितले, की गावातील सर्वांत मोठे नाट्यगृह घे आणि तिकीट एक डॉलर लाव. या सल्ल्यातील धाडसाने त्याला भुरळ घातली. निम्म्या भाड्याने, म्हणजे ५० डॉलरांत, आणि तेही उधारीवर, नाट्यगृह ठरले. छपाई व जाहिराती यांचा १५० डॉलरांचा खर्चही असाच उधारीवर झाला. पैसा हाती नसताना दोनशे डॉलरांचे नवे देणे त्याने अंगावर घेतले होते.

त्या जाहिरातीतच त्याच्या विनोदाची पद्धत दिसून येते. शहरात उत्कृष्ट वाद्यवृंद आहे, पण तो ठरविलेला नाही. हिंस्र पशूंचा तांडा पाहावयास मिळेल, पण शेजारच्या वस्तीत. आतषबाजीचा बेत होता, पण तो रद्द करण्यात आला आहे, अशा धर्तीची ती जाहिरात होती. दरवाजे सात वाजता उघडतील आणि आठ वाजता संकट सुरू होईल, असा तिचा समारोप होता. सर्कशीची आणि नाटकांची फुगवून केलेली वर्णने रोज वाचणाऱ्या शहराला ही उलटी जाहिरात पाहून हसू फुटले असल्यास नवल नाही. श्रोत्यांस हसविण्याचे काम पडदा उघडण्याच्या कितीतरी दिवस आधी सुरू करावयाचे असते, हे या नवख्याला उपजतच कळले होते.

परंतु जाहिरात वाचून लोक जसजसे हसू लागले, तसतसा त्याचा धीर सुटू लागला. लिहिताना जे विनोद त्याला बहारीचे वाटले होते, ते आता त्याला रुक्ष आणि भिकार दिसू लागले. तेव्हा त्याने पराभवाविरुद्ध तटबंदी करावयास घेतली. धिप्पाड शरीराचे आणि दणदणीत आवाजाचे तीन मित्र त्याने गाठले. विनोद सुमार असले तरी त्यांनी पुढल्या भागात बसून सोट्यांनी जमीन दणाणून सोडावी, असे ठरले. शहरातील एका प्रतिष्ठित नागरिकाच्या पत्नीला त्याने विनंती केली, की आपण पतीसह रंगमंचालगतच्या कक्षात बसावे, आणि मी आपणाकडे पाहून स्मित करीन तेव्हा विनोद कळला की नाही याचा विचार न करता हसावे. तिकिटाला पैसे नसलेला एक सदा हसतमुख इसम रस्त्यात भेटला, त्यालाही फुकट तिकीट देऊन वरच्या सज्जाच्या मध्यभागी बसविण्यात आले. हशा अशा रीतीने तीन दिशांनी भाड्याने घेतला गेला. शेवटच्या दिवशी त्याच्या पोटात अन्न गेले नाही, असे तो लिहितो. व्याख्यानाच्या दिवशी दुपारी चार वाजता तो नाट्यगृहाकडे गेला, तो तिकिटांची खिडकी बंद. त्याने त्याचा अर्थ सरळ केला, की तिकिटे विकली जात नाहीत म्हणून खिडकी बंद आहे.

सायंकाळी मागच्या गल्लीतून तो पडद्यामागे शिरला. अंधारात, रिकाम्या प्रेक्षागृहाच्या कल्पनेने गोठून तो बसला असता, हळूहळू पावलांचा आवाज आणि मग गलबला त्याच्या कानी आला. काय होत आहे हे पुरते कळण्यापूर्वीच तो रंगमंचाच्या मध्यावर उभा होता. प्रेक्षागृह भरून गेले होते. मधल्या वाटाही मोकळ्या नव्हत्या. त्याचे पाय लटपटत होते आणि एक मिनिटभर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर त्याला मैत्री दिसली आणि भीती ओसरू लागली. तीन-चार मिनिटांतच तो स्थिरावला. सोटेवाले मित्र आणि वरच्या सज्जातला हसतमुख इसम यांनी कामगिरी चोख बजावली. पण तिची फारशी गरज उरली नव्हती.

त्या रात्री एक गोष्ट मात्र योजनेबाहेर घडली, आणि या कलेच्या अभ्यासकाने विचार करावा ती हीच होय. व्याख्यानात एक गंभीर उतारा होता आणि तो ट्वेनला विशेष प्रिय होता. तो म्हणत असता सभागृह निःशब्द झाले. कोणत्याही टाळ्यांपेक्षा त्या स्तब्धतेने त्याला अधिक समाधान वाटले. शेवटचा शब्द उच्चारून त्याने सहज मान वळविली, तो कक्षातील बाईंची उत्सुक, वाट पाहणारी नजर त्याच्या नजरेस भिडली. आपला संकेत त्याला आठवला, आणि कितीही आवरले तरी त्याच्या ओठांवर हसू आलेच. बाईंनी तीच खूण समजून मनमोकळेपणाने हसावयास आरंभ केला. त्यासरशी सारे सभागृह हशाने कोसळले. त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा तो. करुण उतारा मातीमोल झाला, आणि लोकांनी मात्र तोच सर्वोत्तम विनोद म्हणून वाखाणला. ट्वेननेही शहाणपणाने तो गैरसमज दूर केला नाही.

हा प्रसंग नुसता गमतीचा नाही. लेखकाच्या शब्दांपेक्षा वक्त्याच्या चेहऱ्यावर श्रोते अधिक विश्वास ठेवतात, हे त्याने एका क्षणात दाखवून दिले. शब्द गंभीर होते. एका स्मिताने ते हास्यास्पद ठरले. मग हाच न्याय उलटा लावला तर? शब्द हास्यास्पद असावेत आणि चेहऱ्यावर स्मिताची रेषाही उमटू नये. आर्टेमस वॉर्डच्या मुद्रेत ट्वेनने जे पाहिले होते, त्याचे मर्म त्याला स्वतःच्या फजितीतून असे कळले असावे. पुढे १८९५ मध्ये गोष्ट कशी सांगावी या विषयावर त्याने जो निबंध लिहिला, त्यात हेच सूत्र आहे. विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे; आपण सांगतो त्यात हसण्यासारखे काही आहे याची सांगणाऱ्याला जणू शंकाही नाही, असे दिसले पाहिजे. दुसरे सूत्र विरामाचे. वाक्यापूर्वीचा थांबा केसभर कमी पडला तर परिणाम होत नाही आणि केसभर लांबला तर श्रोत्यांना पुढचे उमगते. नवशिक्याला ज्या शांततेची भीती वाटते, तीच शांतता पुढे मुरलेल्या विनोदकाराच्या हातातील मुख्य हत्यार होते.

पहिल्या व्याख्यानाचा जमाखर्च पाहता, एकूण उत्पन्न बाराशे डॉलरांहून थोडे अधिक झाले आणि सर्व देणी भागवून सुमारे चारशे डॉलर त्याच्या हाती उरले, अशी नोंद त्याच्या चरित्रकाराने केली आहे. त्यानंतर तो खाणींच्या गावांतून हिंडला. जुन्या मुक्कामी, व्हर्जिनिया सिटीच्या वाटेवर, नोव्हेंबरच्या एका थंड रात्री तोंडे बांधलेल्या लुटारूंनी त्याचे पैसे व घड्याळ हिसकावून घेतले. ते लुटारू त्याचेच मित्र होते. त्याला पुढील व्याख्यानासाठी नवा विषय मिळावा, हा त्यांचा हेतू होता, असे नंतर सांगण्यात आले. जिन्नस परत मिळाले, पण लोकांस हसविणाऱ्या या गृहस्थाला ती थट्टा मुळीच रुचली नाही.

खरी परीक्षा पूर्वेकडील न्यूयॉर्क शहरात व्हावयाची होती. ६ मे १८६७ रोजी कूपर इन्स्टिट्यूटच्या विख्यात सभागृहात त्याचे व्याख्यान ठरले. तिकिटे खपेनात, तेव्हा त्याच्या मित्राने शहरातील शाळाशिक्षकांना शेकडो फुकट प्रवेशपत्रिका वाटल्या. सभागृह भरले, व्याख्यान रंगले. उत्पन्नातून खर्चही निघाला नाही, पण पूर्वेकडील वृत्तपत्रांनी दखल घेतली. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याचा मार्गदर्शक आर्टेमस वॉर्ड इंग्लंडात क्षयाने वारला होता. वय अवघे ३२ वर्षांचे. व्यासपीठाची ती जागा आता रिकामी होती आणि ती भरून काढण्याचे काम आपोआप ट्वेनकडे आले.

त्यानंतरच्या काळात त्याने या कलेची जी मशागत केली, ती पाहिली म्हणजे सहज वाटणाऱ्या विनोदामागे केवढे कष्ट असतात हे ध्यानी येते. प्रारंभी तो वाक्यांची आद्याक्षरे कागदावर लिहून ठेवी. पण कागद मागेपुढे होत. मग त्याने दहा बोटांच्या नखांवर शाईने अक्षरे लिहून पाहिली. कोणते बोट झाले आणि कोणते राहिले हे त्याला आठवेना, आणि श्रोत्यांना व्याख्यानापेक्षा वक्त्याच्या नखांचेच कुतूहल वाटू लागले. शेवटी प्रत्येक भागासाठी एक ओबडधोबड चित्र काढण्याची युक्ती त्याला सुचली. चित्र काढले की ते फेकून दिले तरी डोळ्यांसमोर राही. पुढे १८८४ मध्ये जॉर्ज केबल या लेखकाबरोबर दौऱ्यावर असताना त्याला आणखी एक धडा मिळाला. स्वतःच्या पुस्तकातील उतारे जसेच्या तसे वाचले की ते पडत. छापील भाषा कडक इस्त्रीच्या कपड्यासारखी असते; बोलताना ती मऊ करावी लागते, मोडावी लागते, सुचेल तशी बोलल्याचा भास निर्माण करावा लागतो. म्हणून त्याने पुस्तक बाजूला ठेवून उतारे पाठ केले आणि बोलता बोलता ते बदलू दिले.

यशाची खात्री मात्र या कलेत कोणालाच मिळत नाही. १७ डिसेंबर १८७७ रोजी बॉस्टन येथे कवी व्हिटियर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या भोजनसमारंभात ट्वेनने एक विनोदी भाषण केले. खाणीच्या मुलखातील तीन भटके आपण एमर्सन, लाँगफेलो आणि होम्स आहोत अशी बतावणी करतात, असा त्याचा विषय होता; आणि ते तिन्ही वृद्ध साहित्यिक समोरच बसलेले होते. भाषण पडले, अशी ट्वेनची स्वतःची खात्री झाली आणि त्याने तिघांनाही क्षमायाचनेची पत्रे लिहिली. तोवर तो शेकडो सभा जिंकलेला वक्ता होता. परंतु आपली देणगी हलक्या प्रतीची आहे ही १८६५ मधील जुनी शंका, विद्वानांच्या त्या मेजवानीत पुन्हा जागी झालेली दिसते.

त्या शंकेचे उत्तर काळाने फार कठोर रीतीने दिले. खिळे जुळविणाऱ्या एका यंत्रात ट्वेनने प्रचंड रक्कम गुंतविली आणि ती बुडाली. त्याची प्रकाशनसंस्थाही एप्रिल १८९४ मध्ये दिवाळ्यात निघाली. कायद्याच्या आधारे थोडक्यात सुटता आले असते. परंतु पत्नी ऑलिव्हिया हिच्या आणि त्याच्या स्वतःच्या मनाने घेतले, की सावकारांची पै न् पै फेडावयाची. पैसा उभा करण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक होता आणि तो मार्ग व्यासपीठाकडे जात होता. १५ जुलै १८९५ रोजी क्लीव्हलँड येथे, पायावरची काळपुळी पुरती बरी झाली नसताना, त्याने जगप्रवासाचे पहिले व्याख्यान दिले. वय ५९ वर्षांचे. तेथून अमेरिका ओलांडून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन असे करीत जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस उतरला.

मुंबईत तो वॉटसन हॉटेलात उतरला आणि खोकल्याने काही दिवस अंथरुणास खिळला. बरे वाटताच नॉव्हेल्टी थिएटरात त्याची व्याख्याने झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस सयाजीराव महाराजांच्या निमंत्रणावरून तो पत्नी आणि कन्या क्लारा यांच्यासह बडोद्यास गेला. बडोद्याची जुनी वस्ती, राजवाडे आणि हत्तीवरची सवारी यांचे वर्णन त्याच्या प्रवासग्रंथात आहे. राजवाड्यात महाराजांसमोर त्याचे व्याख्यान झाले. ज्या दरबाराने गायक, पैलवान आणि विद्वान यांना आश्रय दिला, त्या दरबारात मिसिसिपीकाठचा हा गोष्टीवेल्हाळ माणूस एकटाच उभा राहिला. या प्रवासात तो जी सांगत असे, त्या गोष्टींपैकी एक कलिंगडाची होती. लहानपणी त्याने एक कलिंगड चोरले. फोडून पाहतो तो ते कच्चे निघाले. तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला, ते घेऊन तो मालकाकडे परत गेला, आणि असली फळे विकल्याबद्दल त्या मालकाची खरडपट्टी काढून त्याने बदली पिकलेले कलिंगड मागून घेतले. ही कथा तो नीतीचा पाठ म्हणून, अत्यंत गंभीर मुद्रेने सांगे. सॅन फ्रान्सिस्कोत एका चुकीच्या स्मिताने जो धडा शिकविला, तो तीस वर्षांनी इतका अंगवळणी पडला होता.

या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक कार्यक्रम केले. दक्षिण आफ्रिकेत तो संपवून जुलै १८९६ अखेर तो इंग्लंडास पोहोचला, आणि तेथेच १८ ऑगस्ट १८९६ रोजी अमेरिकेत मागे राहिलेली त्याची मुलगी सूझी वारल्याची वार्ता त्याला मिळाली. ती २४ वर्षांची होती. जगभर लोकांस हसवून जोडलेला पैसा अशा शोकाच्या छायेत हाती आला. त्यातून आणि प्रवासग्रंथाच्या उत्पन्नातून १८९८ च्या आरंभापर्यंत सर्व कर्ज फिटले. एकदा तिशीत आणि एकदा साठीच्या उंबरठ्यावर, असे दोन वेळा त्याला बुडताना हात दिला तो त्याच्या त्या 'हलक्या प्रतीच्या' देणगीनेच.

ट्वेनच्या नंतर व्याख्यानाचे आवरण हळूहळू गळून पडले. विनोदासाठी विनोद करणारे कलावंत प्रथम वैविध्यपूर्ण करमणुकीच्या रंगमंचांवर, मग रात्रीच्या उपाहारगृहांत आणि पुढे नभोवाणी व दूरचित्रवाणीवर आले. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने १९९८ पासून विनोदासाठी जो सन्मान द्यावयास आरंभ केला, त्याला मार्क ट्वेनचे नाव आहे, आणि तो प्रथम रिचर्ड प्रायर या एकट्याने उभे राहून हसविणाऱ्या कलावंतास मिळाला, ही गोष्ट या वंशपरंपरेची साक्ष देते. मराठीत १९६१ साली पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा आपल्या श्रोत्यांनाही या कलेची निराळी आणि समृद्ध ओळख पटली.

आज मुंबई-पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत नवोदितांना पाच-पाच मिनिटे बोलण्याची संधी देणाऱ्या सभा भरतात. तेथे उभ्या राहणाऱ्या तरुणाला ज्ञानाचे किंवा धर्माचे आवरण घ्यावे लागत नाही. मात्र हसणारे तीन-चार मित्र पहिल्या रांगेत बसविण्याची रीत त्यालाही सुचतेच. त्या मित्रांचा उपयोग एवढाच, की त्यांच्या भरवशावर पाय व्यासपीठावर पडतो. पुढचे काम त्यांच्या हातात नसते. ते समोर बसलेल्या अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर मैत्री शोधण्याचे असते, आणि ती सापडेपर्यंतचे एक मिनिट ज्याचे त्याने एकट्यानेच काढावयाचे असते.